माहितीपट आणि पोलिसांची तोंडी मनाई

प्रश्न : मालवणातल्या आमच्या वाचनालयात एक राजकीय माहितीपट दाखवायचा आहे. एका गटाने गोंधळ घालण्याची धमकी दिली आणि पोलीस तोंडीच ‘कार्यक्रम रद्द करा’ म्हणतात. काय करावं?

उत्तर : आधी सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र आहे का पाहा. सार्वजनिक प्रदर्शनाला ते लागतं. ‘प्रवेश मोफत आहे’, ‘यूट्यूबवर आहेच की’ या सबबी चालत नाहीत; बहुतेक मंडळं नेमकी इथेच अडकतात आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याची चांगली बाजू हकनाक लंगडी होते. निर्मात्याची परवानगीही लेखी घ्या.

प्रमाणपत्र असेल, तर ठाण्यात बंदोबस्तासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. निदर्शनांच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दडपता येत नाही, संरक्षण देणं हे सरकारचं काम, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या रंगराजन खटल्यात सांगितलं आहे. तोंडी दटावणी म्हणजे आदेश नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचा मनाई आदेश लेखी असतो, त्यात कारणं द्यावी लागतात आणि एरवी तो २ महिन्यांपलीकडे टिकत नाही. त्याची प्रत मागा. तिच्या आधारे उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. सिंधुदुर्गकरांना त्यासाठी आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) आहे.