आयट्यून्सवरून विकत घेतलेला पिक्चर दुसऱ्या लॅपटॉपवर कॉपी केला तर व्हीएलसीत चालेल का?

नाही, फाईल कॉपी खुशाल होईल पण व्हीएलसीत चालणार नाही, कारण त्या एम४व्ही फाईलवर ॲपलचं फेअरप्ले नावाचं लॉक असतं आणि त्याची किल्ली तुमच्या ॲपल अकाउंटला बांधलेली असते. फाईल करप्ट झालीय असं समजून पुन्हा पुन्हा डाउनलोड करत बसू नका. दुसऱ्या लॅपटॉपवर आयट्यून्स किंवा ॲपल टीव्ही ॲप टाका, ज्या अकाउंटवरून घेतला त्यानेच लॉगिन करा, मग अकाउंट मेनूत ऑथरायझेशन्समध्ये जाऊन तो कंप्युटर ऑथराइज करा, की चालेल. एका अकाउंटवर असे ५ कंप्युटर चालतात. जुना लॅपटॉप विकायच्या किंवा फॉरमॅट मारायच्या आधी डीऑथराइज करा, नाहीतर तो उगाच एक जागा अडवून बसतो (सगळे एकदम काढता येतात, पण वर्षातून एकदाच). गाण्यांवरचं हे लॉक २००९ मध्येच काढलं, पिक्चरवरचं मात्र अजून तसंच आहे, पैसे मोजूनसुद्धा. फक्त एक, ऑथराइज करूनही जुन्या मॉनिटरवर किंवा प्रोजेक्टरवर एचडी पिक्चर अडू शकतो, कारण तिथे केबल आणि स्क्रीन दोन्हीला एचडीसीपीचा (केबलमधून जाणाऱ्या व्हिडिओची कॉपी रोखणारी व्यवस्था) सपोर्ट लागतो.