वाचकांचे प्रश्न : दारूची शिंगे, गोळ्यांचे साचे आणि बनावट जुनेपणा

जुन्या शस्त्रांच्या संग्रहाविषयी गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. बंदुकांविषयी फारसे कोणी विचारलेले नाही. बहुतेक प्रश्न बंदुकीबरोबर वापरल्या जाणाऱ्या सामानाचे आणि नकलांचे आहेत.

प्रश्न : आमचे पणजोबा शिंदे सरकारच्या फौजेत होते. शहराच्या लष्कर भागातील जुने घर रिकामे करताना माळ्यावरच्या ट्रंकेत बंदुकीची दारू ठेवण्याची म्हशीच्या शिंगाची एक कुपी, इंग्रजी अक्षरे असलेली तांब्याची दुसरी कुपी, अडकित्त्यासारखा दिसणारा गोळ्यांचा लोखंडी साचा आणि बंदुकीच्या टोप्यांची पत्र्याची डबी सापडली. डबीत काही टोप्या अजून आहेत. बंदूक मात्र घरात नाही. ओळखीचे एक संग्राहक हे सारे घ्यायला तयार आहेत. घरची मंडळी म्हणतात की घासून लख्ख करून द्यावे, म्हणजे किंमत चांगली येईल. काय करावे? परवाना लागेल का? (एक वाचक, ग्वाल्हेर)

उत्तर : सर्वांत आधी त्या डबीविषयी लिहितो. टोपी म्हणजे तांब्याची इवलीशी वाटी, आणि तिच्या तळाशी आघाताने फुटणाऱ्या रसायनाचा थर असतो. तो थर दीडशे वर्षांनंतरही जिवंत असू शकतो. डबी हलवू नका, टोप्या मोजू नका, मुलांच्या हाती लागू देऊ नका. कायद्याच्या दृष्टीनेही टोप्या दारूगोळ्यात मोडतात, म्हणून जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून त्या त्यांच्याच माणसाकरवी उचलून द्याव्यात आणि रिकामी डबी आपल्याकडे ठेवावी. दोन्ही कुप्यांत दारू शिल्लक आहे का, हेही त्याच माणसाला पाहू द्या. कोरडी राहिलेली काळी दारू जुनी झाली म्हणून निकामी होत नाही. कुपीच्या तोंडात तार किंवा खिळा घालून ती कोरण्याचा मोह कृपया आवरावा.

आता घासण्याविषयी. चिंच, लिंबू, राख, पितळ घासायची पूड यांपैकी काहीही त्या तांब्याला लावू नका. शेफील्डच्या जेम्स डिक्सन किंवा हॉक्सली या कारखान्यांतून निघालेल्या अशा कुप्यांवर मुळात लाखेसारखा पातळ तपकिरी मुलामा असे, आणि तो खोलगट नक्षीत अजून टिकून असेल तर कुपी मूळ स्थितीत असल्याचा तो सर्वांत चांगला पुरावा ठरतो. मी विशीत असताना मामांनी दिलेली अशीच एक कुपी चिंचेने घासली होती. दहा मिनिटांत ती नव्या तांब्यासारखी झाली, आणि तिच्या कडेवर पट्ट्याला घासून पडलेली, पिढीभराच्या वापराची जी सावली होती ती कायमची गेली. ती कुपी अजून माझ्याकडे आहे. ती पाहिली की मला आजही वाईट वाटते. मऊ कोरड्या सुती कापडाने धूळ टिपावी, तेवढे पुरे. शिंगाला आपल्याकडच्या उन्हाळ्यात तडे जातात आणि पावसाळ्यात कसर लागते, म्हणून ते उन्हापासून दूर, सुती कापडात गुंडाळून, अधूनमधून उघडून पाहावे. चामड्याचा पट्टा असल्यास तो तांब्याला चिकटून ठेवू नये, कारण चामड्यातील चरबी आणि तांबे मिळून हिरवा मेणचट थर धरतो. ट्रंकेत शिशाच्या गोळ्या निघाल्या तर त्या लाकडी पेटीत ठेवू नयेत. लाकडाच्या आम्ल वाफेने शिशावर पांढरी भुकटी येते आणि ती विषारी असते.

या चार वस्तूंत मला सर्वांत रस वाटतो तो साच्यात. इंग्रजी बनावटीच्या साच्यावर बहुधा एक आकडा ठोकलेला असतो. तो आकडा म्हणजे एक पौंड शिशात त्या मापाच्या किती गोळ्या होतात याची संख्या. 12 असेल तर गोळी सुमारे 18.5 मिलिमीटर व्यासाची, 16 असेल तर सुमारे 16.8 मिलिमीटरची. आकडा जितका मोठा, गोळी तितकी लहान. साचा उघडून आतल्या पोकळीचा व्यास मोजा, म्हणजे पणजोबांची बंदूक घरात नसली तरी तिच्या नळीचे माप आपल्याला कळेल, कारण ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायच्या, बंदुकीची गोळी नळीपेक्षा किंचित लहान ठेवलेली असते. देशी लोहाराने घडवलेल्या साच्यावर आकडा नसतो. तेथे पोकळीच बोलते. टोप्यांच्या डबीवरून एवढे निश्चित सांगता येते की घरात टोपीची बंदूक होती, म्हणजे जामगीने (जळत्या वातीने) पेटवायच्या तोड्याच्या बंदुकीनंतरच्या पिढीतली.

परवान्याबाबत : कुपी हा बंदुकीचा भाग नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 45 मध्ये दोन सवलती आहेत. एक, जुन्या पद्धतीच्या किंवा पुरातन मोलाच्या अशा हत्यारांना, जी दुरुस्त करूनही चालणार नाहीत. आणि दुसरी, शस्त्रांच्या वा दारूगोळ्याच्या अशा किरकोळ भागांना, जे पूरक भागांबरोबर वापरण्याचा हेतू नाही. साचा हे दारूगोळा बनवण्याचे साधन असल्याने तो बंदूक किंवा दारू यांच्या जोडीने ठेवू नये वा देऊ नये. एकटा साचा शोभेची वस्तू म्हणून राहू द्यावा. पुढे कधी बंदूकही सापडली आणि ती दुरुस्तीने चालण्यासारखी असली, तर ती पणजोबांची आहे म्हणून परवान्यातून सुटत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला वारसाहक्काची धरूनही दोनच बंदुका बाळगता येतात.

विकण्याची घाई मात्र करू नका, असे मी आवर्जून सांगेन. ग्वाल्हेरच्या आपल्या घरांत ट्रंकेच्या तळाशी मोडी लिपीतले कागद असतात आणि ते रद्दीत जातात. लष्कर हे नावच 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांच्या तळावरून पडले, कंपू या भागाचे नावही कॅम्पवरून. अशा वस्तीतील घरात सापडलेल्या शिंगाबरोबर पणजोबांच्या पगाराची एक चिठ्ठी किंवा पथकाचे नाव असलेला कागद निघाला, तर त्या शिंगाचे मोल संग्राहकाच्या लेखी कितीतरी वाढते. ट्रंक जशी उघडली तशी तिची छायाचित्रे काढा, कोणती वस्तू कशात गुंडाळलेली होती ते लिहून ठेवा, आणि कागद मोडी वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय काहीही हातचे जाऊ देऊ नका.

प्रश्न : एका प्रदर्शनात मी पितळेची दारूची कुपी घेतली. विक्रेत्याने ती शंभर-दीडशे वर्षांची असल्याचे सांगितले. वजनाला चांगली भारी आहे, दोन्ही अंगांना हरिणाची नक्षी आहे. ती खरोखर जुनी आहे का? (एक वाचक, मुरार)

उत्तर : आपण वजनाचा उल्लेख कौतुकाने केला आहे, पण मला शंका येते ती तेथेच. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कुपी पातळ पत्र्याची असे. ठशात दाबून तिचे दोन अर्धे काढत आणि कडेने डाख देऊन जोडत. कमरेला दिवसभर बाळगायची वस्तू जड करण्यात कोणालाच स्वारस्य नव्हते. आजच्या नकला बहुधा वाळूच्या साच्यात ओततात. त्यामुळे त्या जड होतात, नक्षीच्या कडा बोथट येतात आणि आतल्या बाजूला वाळूचे खरखरीत कण बोटाला लागतात.

मग तोंड पाहा. खऱ्या कुपीच्या नळीवर दारूचे माप कमीजास्त करण्याची सोय असते आणि मापांचे आकडे कोरलेले असतात. बाजूची कळ दाबली की आतली झडप सरकते आणि सोडली की स्प्रिंगने परत बसते. नळीच्या तोंडावर बोट ठेवून कुपी उलटी करायची, कळ दाबायची, सोडायची, म्हणजे नळीत नेमकी एका बाराची दारू राहते, अशी ती रचना आहे. शोभेच्या नकलेत कळ असते, पण झडप एक तर हलत नाही किंवा भोक पुरते झाकत नाही. शेवटी झीज पाहा. हात आणि पट्टा जेथे लागतो तेथे, म्हणजे हरिणाच्या फुगीर पाठीवर, नक्षी गुळगुळीत व्हायला हवी आणि खोलगट जागी काळसर राहायला हवी. सगळीकडे सारखाच काळेपणा किंवा हिरवेपणा असेल, तर तो रसायनाने आणलेला आहे.

नक्कल बाळगण्यात काहीही कमीपणा नाही. माझ्या कपाटातही तीन आहेत, आणि रचना समजावून सांगायला मी मुलांच्या हाती त्याच देतो. राग येतो तो नक्कल जुनी म्हणून पुढे सरकवली जाते तेव्हा, कारण अशी वस्तू दोन-तीन हातांतून फिरली की शेवटचा माणूस प्रामाणिकपणेच खोटे सांगू लागतो. म्हणून अदलाबदल करताना प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी द्यावी : कोणाकडून आली, कधी आली, कोणता भाग बदललेला किंवा डाख देऊन जोडलेला आहे, आणि नक्कल असल्यास तसा स्पष्ट शब्द. आपणही या कुपीला आजच अशी चिठ्ठी बांधा.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या नाटकात 1858 च्या ग्वाल्हेरच्या लढाईचा प्रसंग आहे. त्यासाठी बंदुकांच्या प्रतिकृती घ्यायच्या आहेत. अडचण येईल का?

उत्तर : लाकडाच्या किंवा नळी भरीव असलेल्या प्रतिकृती घ्या. आपल्या देशात बनणाऱ्या ठासणीच्या बंदुकांच्या अनेक प्रतिकृतींना नळी पोकळ असते, मात्र कान, म्हणजे आतली दारू पेटवण्याचे छिद्र, पाडलेला नसतो. तो कान कोणी पाडून दिला की प्रतिकृतीची बंदूक होते, आणि परवान्याशिवाय असे रूपांतर करणे शस्त्र अधिनियमाच्या कलम 6 खाली गुन्हा आहे. म्हणून नाटकासाठी पोकळ नळीची नकोच. तालमीला नेताना त्या पिशवीत झाकून न्या आणि प्रयोगाच्या तारखा ठाण्यात कळवून ठेवा.

प्रश्न : इंदूरचे एक स्नेही त्यांची हस्तिदंती रंजकदाणी (बंदूक पेटवण्याची बारीक दारू ठेवायची कुपी) माझ्या दोन इंग्रजी कुप्यांच्या बदल्यात द्यायला तयार आहेत. पैशांचा व्यवहार नाही, तेव्हा हरकत नसावी ना?

उत्तर : हरकत आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनुसार हस्तिदंताची खरेदी-विक्री होऊ शकत नाही, आणि मोबदल्यात वस्तू दिली तरी तो मोबदलाच ठरतो. स्नेह्यांकडे मालकीचे प्रमाणपत्र असले तरी त्यांना ती विकता येत नाही. ती वारसाने पुढे जाऊ शकते. प्रमाणपत्र नसेल तर त्यांनी प्रथम वन विभागाकडे चौकशी करावी. हेच काळविटाच्या शिंगाच्या कुप्यांनाही लागू आहे. म्हशीच्या शिंगाला ही अडचण नाही.

मात्र ती खरोखर हस्तिदंताची आहे का, हे आधी पाहून घ्या. भिंगाखाली आडव्या कापाच्या टोकाला एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत. तशी जाळी नसून सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके किंवा रेघोट्या दिसल्या तर हाड. उंटाच्या हाडाचे तुकडे लाकडावर जडवून केलेल्या कुप्या बाजारात भरपूर आहेत आणि त्या हस्तिदंताच्या म्हणून दाखवल्या जातात. तापवलेल्या सुईची परीक्षा करू नका. तिने वस्तूला कायमचा डाग पडतो. हाड निघाले, तर ही अदलाबदल करायला हरकत नाही, पण हाडाची नवी कुपी दोन जुन्या इंग्रजी कुप्यांच्या तोलाची नाही. अशा वेळी एकच द्या, आणि ती कळ चालणारी नसावी.