परफॉर्मन्स इंजिन बांधताना मशीन शॉपवाल्यांशी कसं वागावं?

तुमची अडचण मला समजली ती अशी. जुन्या मारुती एस्टीमचं जी१३ इंजिन ट्रॅकसाठी बांधताय. ब्लॉक, हेड आणि क्रॅंक मशीन शॉपला (इंजिनाचे भाग मापात कापून-घासून देणाऱ्याला) देऊन झालंय, फोर्ज्ड म्हणजे दाबून घडवलेले पिस्टन मागवलेत पण ते वाटेत आहेत. मालक रोज ‘उद्या या’ म्हणतो, मापं विचारली की ‘एकदम ओके करून देतो’ म्हणतो, आणि जास्त खोदून विचारलं तर तो चिडून काम बिघडवेल अशी तुम्हाला धास्ती वाटतेय.

बाकीचं वाचण्याआधी एक फोन करा. पिस्टन हातात येईपर्यंत बोअरला (ब्लॉकमधल्या ज्या गोल भोकात पिस्टन फिरतो त्याला) हात लावू नका, एवढंच सांगा. उशीर झाला तर पिस्टन आल्यावर भरून निघतो, पण जास्त कापलं गेलेलं धातू परत येत नाही. आपल्याकडच्या शॉपमध्ये ‘वीसचा साइज’ म्हटलं की मिस्त्री ०.५० मिमी ओव्हरसाइज समजतो, ७४.०० चा बोअर ७४.५० च्या हिशोबाने कापतो आणि सवयीने पिस्टन आणि बोअर यांत दीड-दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गॅप ठेवतो. साध्या कास्ट, म्हणजे ओतीव पिस्टनला ते चालून जातं. फोर्ज्ड पिस्टनचं तसं नाही. २६१८ मिश्रधातूत सिलिकॉन जवळजवळ नसतं, त्यामुळे तो तापल्यावर जास्त फुगतो आणि त्याला गॅपही बराच जास्त लागतो. ४०३२ मध्ये सिलिकॉन सुमारे १२ टक्के असतं, तो कमी फुगतो, गॅप कमी चालतो. दोन्ही ‘फोर्ज्ड’च. म्हणून पिस्टनच्या खोक्यात जो कागद येतो त्यावरचा आकडा हाच खरा आकडा. माझा नाही, मिस्त्रीचा नाही, इंटरनेटवरचाही नाही.

आता वागण्याबद्दल. शॉपशी होणाऱ्या बहुतेक भांडणांचं मूळ लबाडीत नसतं असं माझं ठाम मत आहे. त्या मिस्त्रीने आयुष्यभर ट्रक, जीप, ट्रॅक्टर, रिक्षा यांची इंजिनं केलीत. त्याच्या लेखी चांगलं काम म्हणजे इंजिन धूर ओकत नाही, तेल पीत नाही आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नाही. तुमचं इंजिन ७००० आरपीएमवर लॅपमागून लॅप फिरणार आहे. हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, आणि सांगितलं तरी त्याचा कामाशी संबंध आकड्यातूनच लागतो. ‘दादा, परफॉर्मन्स इंजिन आहे, जरा नीट करा’ या वाक्याला लेथवर काही अर्थ नाही. ‘चारही बोअर पिस्टनपेक्षा इतके मिमी मोठे, ओव्हॅलिटी (गोलाईतला फरक) आणि टेपर (वर-खाली व्यासातला फरक) ०.०१ मिमीच्या आत’ याला अर्थ आहे. तेव्हा इंजिन बांधणारे तुम्ही आहात आणि शॉप फक्त मशीनिंग करून देणार आहे, हे आधी स्वतःच्या मनात पक्कं करा. आकडा तुम्ही द्यायचा, तो पाळायचा त्याने, आणि तपासायचा दोघांनी मिळून.

तो आकडा कागदावर हवा. एक साधा ए-फोर कागद घ्या, मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात. कोणतं काम, कोणतं माप, किती चालेल, आणि काय करायचं नाही. दोन प्रती काढा. एकीवर मालकाची सही घेऊन ती तुमच्याजवळ ठेवा, दुसरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तारेने ब्लॉकलाच बांधा. याचं कारण असं की काउंटरवर तुमच्याशी बोलतो तो मालक, आणि काम करतो तो मागच्या शेडमधला कारागीर. त्या दोघांत तुमचं काम तोंडी पोचतं. शिवाय बऱ्याच शॉपकडे सगळी मशीनं नसतात. क्रॅंक ग्राइंडिंग एकाकडे, व्हॉल्व्ह सीट दुसऱ्याकडे असं चालतं. त्यात गैर काही नाही, फक्त कुठे जाणार हे आधी विचारा आणि कागद जॉबबरोबर जाईल याची खात्री करा. शक्य असेल तर मालकाला विचारून प्रत्यक्ष त्या कारागिराला भेटा. चहा सांगा, त्याचं मशीन बघा, त्याला तुमचा पिस्टन हातात घेऊ द्या. चांगल्या कारागिराला असं काम मनापासून आवडतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आणि पुण्यात भोसरीकडे मी असे हात पाहिलेत की मायक्रोमीटर लावायच्या आधी नखाने टेपर सांगतात. त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे, आणि माप मागणं हा त्या आदराचाच भाग आहे.

‘काय करायचं नाही’ यात सर्वांत वर लिहा: कॉस्टिक टाकीत टाकू नये. जी१३ चा ब्लॉक अॅल्युमिनियमचा आहे, आत बिडाचे लायनर. बिडाचे ब्लॉक उकळत्या कॉस्टिक सोड्यात धुणाऱ्या शॉपमध्ये नवा पोरगा सवयीने हाही टाकून देईल, आणि कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं. हेडचंही तेच. दुसरी ओळ: मेन कॅप आणि रॉड कॅप (क्रॅंक आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं धरणारी झाकणं) यांची अदलाबदल नको. मेन बोअर कॅप लावूनच कापलेला असतो, कॅप फिरली की ती गोलाई गेली. काम सुरू होण्याआधी स्वतः खुणा करून फोटो काढून ठेवा. तिसरी: ब्लॉकवर कोरलेला इंजिन नंबर घासला जाता कामा नये, ना फेसिंगमध्ये ना ब्लास्टिंगमध्ये. नंबर गेला की पुढे आरटीओत गाडी कुणाची हे सिद्ध करण्याची पाळी तुमच्यावर येते.

माप घेण्याची रीत मात्र नीट समजून घ्या, कारण वाद इथेच पेटतो. तुमचा मायक्रोमीटर ७४.४२ दाखवतो, त्यांचा ७४.४४. आता कोण खरं? खरं तर हे भांडण करायची गरजच नाही. तुम्हाला पिस्टन आणि बोअर यांतला फरक हवाय, एकेकाचं माप नकोय. म्हणून एकच मायक्रोमीटर वापरा. त्याने पिस्टनचा स्कर्ट (खालचा भाग) मोजा, गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात आणि कागदावर दिलेल्या उंचीवर. वर डोक्याजवळ पिस्टन लहान असतो, तिथलं माप काही कामाचं नाही. मग तोच मायक्रोमीटर त्या आकड्यावर लॉक करून डायल बोअर गेज (बोअरचा आतला व्यास मोजणारं काट्याचं मापक) त्यात शून्य करा आणि बोअरमध्ये घाला. काटा जेवढा हलला तेवढा गॅप. मायक्रोमीटर दोन शतांशाने चुकीचा असला तरी ती चूक दोन्हीकडे सारखीच येते आणि वजा होऊन जाते. प्रत्येक बोअर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी बघा. हे मिस्त्रीसमोर, त्याच्याच गेजने करा. ‘तुम्हीच वाचा, मी लिहितो’ म्हणा. त्याने स्वतःच्या तोंडाने वाचलेल्या आकड्यावर तो सहसा वाद घालत नाही.

तापमानाचंही भान ठेवा. मोजमापांचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सियस मानलेलं आहे आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४० असतं. २० अंशांच्या फरकाने ७४ मिमीचा अॅल्युमिनियम पिस्टन साधारण ०.०३ मिमी वाढतो. म्हणजे घरातल्या एसीत ठेवलेला पिस्टन नेऊन तापलेल्या ब्लॉकशी जुळवलात तर निम्मा गॅप नुसता हवेतच चुकला. पिस्टन आदल्या दिवशीच शॉपवर नेऊन ब्लॉकशेजारी ठेवा, माप सकाळी लवकर घ्या.

होनिंगबद्दल (बोअर दगडाने घासून शेवटच्या मापाला आणण्याबद्दल) आधीच विचारा की उभं होनिंग मशीन आहे की ड्रिलला लावून हाताने करतात. हाताने केलेलं रिक्षाला चालतं. इथे नको, त्यासाठी दुसऱ्या गावी जावं लागलं तरी जा. बोरिंगने शेवटच्या मापापर्यंत जायचं नाही, होनसाठी ०.०५ ते ०.०८ मिमी राखायचं, हेही कागदावर लिहा. अॅल्युमिनियम ब्लॉकमध्ये हेडचे बोल्ट आवळले की बोअर किंचित वाकडा होतो, म्हणून टॉर्क प्लेट (हेडच्या जागी बोल्टने आवळायची जाड प्लेट) लावून होन केलेला बरा. तुमच्या शॉपकडे जी१३ ची प्लेट असण्याची शक्यता कमी. ३८ ते ५० मिमी जाडीची स्टील प्लेट घेऊन एखाद्या व्हीएमसीवाल्याकडून (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन असलेल्याकडून) करून घ्या, जुनं हेड गॅस्केट नमुना म्हणून द्या. ती नेऊन दिलीत की शॉपची तुमच्याकडे बघण्याची नजरच बदलते. होन झाल्यावर मात्र धुण्याचं काम स्वतःकडे घ्या. रॉकेल किंवा डिझेलने होनची पूड निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश, पांढरं फडकं काळं होणं थांबेपर्यंत, आणि लगेच तेलाचा हात. हे शॉपवर सोडू नका.

क्रॅंकला दोनच गोष्टी विचारा: आधी मॅग्नाफ्लक्सने (चुंबकीय तपासणीने) तडा तपासला का, आणि ग्राइंडिंगनंतर जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाच्या) कोपऱ्यातली गोलाई तशीच आहे का. झिजलेल्या चाकाने तो कोपरा धारदार होतो आणि क्रॅंक बरोबर तिथूनच तुटतो. बेअरिंगचा गॅप जर्नलच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाएवढा, म्हणजे ४५ मिमीच्या जर्नलला ०.०४५ मिमीच्या आसपास, हा जुना अंदाज अजूनही चांगला आहे. जुळणी करताना प्लास्टिगेजने (दाबून चपटी होणाऱ्या मापाच्या मऊ दोरीने) स्वतः बघा. पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधला गॅप तर तुमचंच काम: टर्बो नसलेल्या इंजिनात वरच्या रिंगला दर मिमी बोअरमागे ०.००४ मिमी धरतात, ७४.५ ला सुमारे ०.३० मिमी. रिंगच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा.

हेडच्या बाबतीत ‘फेस मारून कॉम्प्रेशन वाढवून देतो’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. किती, ते तुम्ही ठरवा. या इंजिनात एका सिलिंडरमध्ये पिस्टन सुमारे ३२५ सीसी जागा व्यापतो. कॉम्प्रेशन रेशो ९ धरला तर पिस्टन वर असताना उरते सुमारे ४०.६ सीसी जागा. पाव मिमी फेस मारून जास्तीत जास्त १ सीसीच्या आसपास कमी होतो, म्हणजे रेशो ९ वरून ९.२. एवढ्यासाठी हेड खाली येतं, टायमिंग बेल्टमुळे कॅम किंचित मागे पडतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ जातात. हेड वाकडं असेल तर सरळ होण्यापुरतंच घासायला सांगा. रेशो पिस्टनच्या निवडीतून मिळवा. सीट कापताना व्हॉल्व्ह किती खाली बसला हे आधी आणि नंतर मोजून घ्या. व्हॉल्व्ह खोल गेला की स्प्रिंगचा ताण कमी होतो, आणि जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह तरंगायला लागतो, म्हणजे वेळेवर बंद होत नाही. एका शॉपने मला चकचकीत पॉलिश केलेलं हेड परत दिलं होतं, त्यात दोन सीट बाकीच्यांपेक्षा खोल कापल्या होत्या. चकाकीवर जाऊ नका, पोर्टमध्ये पेट्रोल ओतून सीट गळते का ते तिथेच बघा.

तारखांचं सांगायचं तर कॅलेंडर बघून काम द्या. दसऱ्याला मशीनची पूजा असते, दिवाळीत कारागीर गावी जातात, आणि ऊसपट्ट्यात कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी ट्रॅक्टर आणि ट्रक रांगेत उभे असतात. त्या रांगेत तुमच्या एस्टीमचा नंबर शेवटचा लागणार, आणि त्यात अन्यायही नाही. त्या ट्रॅक्टरवर कुणाचं घर चालतं. रोज फोन करू नका. ‘अमुक दिवशी सकाळी मी पिस्टन घेऊन येतो, आपण पहिला बोअर एकत्र बघू’ असं ठरवा. पहिला बोअर पास झाला की मगच बाकीचे तीन. पैशांतही घासाघीस करू नका. जास्त वेळाचं काम मागताय तर जास्त मजुरी आपणहून द्या. थोडा अॅडव्हान्स, बाकी मापं बघून, आणि पक्कं जीएसटी बिल, ज्यावर कामाचा तपशील असेल.

आणि तरीही बोअर मोठा झालाच तर? आवाज चढवू नका. वर सांगितल्याप्रमाणे मापं पुन्हा एकत्र घ्या, लिहा, सही घ्या, ब्लॉक तिथून हलवण्याआधी. मार्ग दोनच: पुढचा ओव्हरसाइज किंवा नवे लायनर. सही केलेला कागद असेल तर नव्या पिस्टनचा खर्च कुणाचा यावर बोलणं शक्य होतं, आणि माझ्या अनुभवात बरेच मालक निदान लायनरचं काम फुकट करून देतात. रागाने पैसे न देता ब्लॉक उचलून आणायचा विचार करू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, ज्याने वस्तूवर मेहनत आणि कौशल्य खर्च केलंय त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. हेच कलम काम ठरल्याप्रमाणे झालेलं असण्याची अट घालतं, म्हणून तो कागद पुन्हा तुमच्या उपयोगाला येतो. हरकत बिलावर लिहून पैसे द्या आणि ब्लॉक सोडवा. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही.

७४.५० च्या बोअरने तुमचं इंजिन १२९८ वरून सुमारे १३१६ सीसीचं होईल. आर.सी.वर सीसी नोंदलेली असते आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल रस्त्यावरच्या गाडीला करू देत नाही. गाडी ट्रॅकवर ट्रेलरने न्या, आणि शर्यतीत उतरणार असाल तर ब्लॉक कापण्याआधी त्या वर्गाची सीसी मर्यादा आयोजकांकडून लेखी मागवा. पिस्टन अजून वाटेत आहेत, तोवर एवढं सहज होईल.