इनोव्हेशनचं सर्टिफिकेट: देणाऱ्याला कुणी तपासलंय?

इनोव्हेशनच्या सर्टिफिकेटांविषयी वाचकांकडून सतत विचारणा होते. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. नावं गाळली आहेत आणि काही प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

दोन दिवसांचं ऑनलाइन ट्रेनिंग केलं. शेवटी छोटी क्विझ होती. मिळालेल्या सर्टिफिकेटवर ‘सर्टिफाइड’ असं छापलंय. नावापुढे लावू का?

नावापुढे नको. रेझ्युमेत ट्रेनिंगच्या रकान्यात खुशाल लिहा, त्यात कमीपणा काहीच नाही.

कोर्स पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट वेगळं आणि व्यक्तीचं प्रमाणीकरण वेगळं. दुसऱ्या प्रकारात आधी त्या कामाला नेमकी कोणती कौशल्यं लागतात ते ठरवतात, त्यावर परीक्षा बेततात, बहुधा अनुभवाची अट असते, ठरावीक काळाने नूतनीकरण करावं लागतं आणि गैरवर्तन केलं तर ते काढूनही घेतात. असं प्रमाणीकरण देणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातली एक अट मला फार आवडते: ‘आमच्याच क्लासला बसलात तर परीक्षा सोपी जाईल’ असं संस्थेने सांगायचं नाही, नुसतं सुचवायचंही नाही. तुमच्या ट्रेनिंगची जाहिरात काढून वाचा. बहुतेक तेच वाक्य मोठ्या अक्षरांत सापडेल.

तुम्हाला डिजिटल बॅज मिळाला असेल तर त्यावर क्लिक करून बघा. नीट बनवलेल्या बॅजमध्ये देणारी संस्था, मिळवण्याचे निकष, दिल्याची तारीख आणि मुदत असेल तर तीही आत नोंदलेली असते. निकषांच्या जागी ‘सर्व व्हिडिओ पाहिले’ एवढंच असेल, तर ती कोर्सची पावती आहे.

एक एजन्सी आमच्या कंपनीला आयएसओ ५६००२चं सर्टिफिकेट द्यायला तयार आहे. दुसरी म्हणते ५६००१ घ्या. फरक काय?

फरक मोठा आहे. दोन्ही मानकं संस्थेत इनोव्हेशनचं काम कसं चालवायचं यावरची. ५६००२ हे २०१९ साली आलं आणि ते मार्गदर्शक मानक आहे. त्याची सगळी भाषा ‘असं करावं’ अशी. ५६००१ सप्टेंबर २०२४मध्ये आलं, आणि त्यात आवश्यकता आहेत, म्हणजे ‘हे केलंच पाहिजे’. ऑडिटरला एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे मानकाची अट पाळली नसल्याची नोंद) काढायची तर बोट ठेवायला आवश्यकता लागते. सल्ला पाळला नाही म्हणून एनसी कशी काढणार? त्यामुळे ५६००२वर कुणी तुमचं मूल्यांकन करून अहवाल दिला तर त्याचा उपयोग होईल, पण ते सर्टिफिकेट म्हणून भिंतीवर लावू नका. (५६००१ येण्याआधी ज्यांना आवश्यकतांवर सर्टिफिकेट हवं असे, ते स्पेनचं यूएनई १६६००२ किंवा पोर्तुगालचं एनपी ४४५७ यांसारखी राष्ट्रीय मानकं वापरत.)

आता या प्रश्नात न विचारलेला भाग. आयएसओ स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही. ती मानक लिहिते आणि बाजूला होते. ऑडिट करून सर्टिफिकेट देते ती सर्टिफिकेशन बॉडी. ही बॉडी धड आहे का, हे तपासून तिला अधिस्वीकृती देते ती ॲक्रेडिटेशन बॉडी: भारतात एनएबीसीबी, ब्रिटनमध्ये यूकेएएस, अमेरिकेत एएनएबी. आणि या ॲक्रेडिटेशन बॉडींनी एकमेकींचं काम मान्य करावं यासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर परस्पर मान्यतेचा करार आहे.

फसगत होते ती इथेच. एजन्सी ‘आम्ही अधिस्वीकृत आहोत’ म्हणते आणि ते खरंही असतं, पण ९००१ या गुणवत्तेच्या मानकासाठी. अधिस्वीकृती प्रत्येक मानकासाठी वेगळी मिळते. तेव्हा एजन्सीचं नाव ॲक्रेडिटेशन बॉडीच्या वेबसाइटवर शोधा आणि तिच्या स्कोपमध्ये, म्हणजे अधिस्वीकृती कशाकशासाठी आहे त्या यादीत, ५६००१ हा आकडा दिसतो का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. सेल्सवाल्याने पाठवलेल्या पीडीएफवर भागवू नका.

आमच्याकडे सुरू केलेले बहुतेक प्रयोग मध्येच बंद पडतात. ऑडिटर ते बघून नापास करेल, अशी साहेबांना भीती वाटते.

साहेबांची भीती उलट्या बाजूला हवी. यादीतले झाडून सगळे प्रकल्प यशस्वी दिसले, तर अनुभवी ऑडिटरचे कान टवकारतात. फसलेले गेले कुठे?

कल्पना चांगली की वाईट, हे ऑडिटर ठरवत नाही. तो पद्धत बघतो. ५६००० मालिकेत इनोव्हेशनचं काम पाच टप्प्यांत मांडलंय: संधी ओळखणं, संकल्पना तयार करणं, ती पडताळणं, त्यातून उपाय विकसित करणं आणि तो प्रत्यक्ष वापरात आणणं. हे टप्पे एकाच ओळीत जात नाहीत. पडताळणीत आपटलं की मागे फिरायचं किंवा थांबायचं, हे मानकाने धरलेलंच आहे.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. ऑडिटर प्रकल्पांची यादी मागतो आणि त्यातला एक बंद पडलेला निवडतो. मग एकामागून एक प्रश्न. हा सुरू करताना तुम्ही काय गृहीत धरलं होतं? ते कशावरून तपासलं, ग्राहकांशी बोललात की फक्त मीटिंगमध्ये माना डोलावल्या? थांबवायचं कुणी ठरवलं, कोणत्या तारखेला, समोर कोणती माहिती होती? आणि यातून जे कळलं ते पुढच्या टीमपर्यंत पोचलं का? या चार प्रश्नांना कागद किंवा मेल दाखवता आला तर बंद पडलेला प्रकल्प हा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरतो. ‘ते जरा मागे पडलं’ एवढंच उत्तर आलं तर एनसी ठरलेली.

दुसरी नेहमीची गोची म्हणजे आयडिया रजिस्टर. एक्सेलमध्ये ढीगभर नोंदी, ‘सद्यस्थिती’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘विचाराधीन’, आणि शेवटचा बदल कधीचा ते कुणालाच आठवत नाही. आयएसओ ५६०००ची व्याख्या दोन गोष्टी मागते: नवेपणा किंवा बदल, आणि त्यातून प्रत्यक्षात आलेलं मूल्य. रजिस्टरमध्ये पडून असलेल्या कल्पनेकडे यातली दुसरी गोष्ट नसते. निर्णय घ्या, नाही म्हणा, पण ते नोंदवा.

तिसरी गोष्ट साहेबांनाच वाचायला द्या. इनोव्हेशनचं धोरण फ्रेम करून रिसेप्शनला लावलंय, पण त्यासाठी कुणाच्या कामाचे तास राखलेले नाहीत आणि बजेटमध्ये ओळ नाही, हे ऑडिटरला नेतृत्वाच्या कलमाखाली पहिल्या तासाभरात दिसतं.

पहिल्या ऑडिटचे दोन टप्पे असतात: आधी तयारीची तपासणी, मग अंमलबजावणीची. त्यानंतर दर वर्षी सर्व्हेलन्स ऑडिट (सगळं नीट चालू आहे ना याची तपासणी) आणि तीन वर्षांनी पुन्हा पूर्ण ऑडिट. एकदा मिळालं की सुटलो, असं समजू नका.

एक फर्म म्हणते, कन्सल्टिंग आणि सर्टिफिकेट दोन्ही आम्हीच देऊ, गॅरंटीसह.

नको म्हणा. सर्टिफिकेशन बॉडीने मॅनेजमेंट सिस्टिमचं कन्सल्टिंग करायचं नाही, हे अशा बॉडींसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२१-१ या मानकात सरळ लिहिलंय. गॅरंटी या शब्दावरच फोन ठेवायला हवा होता.

बारा वर्षं नव्या उत्पादनांवर काम करतोय. स्वतःसाठी कोणतं प्रमाणीकरण घेऊ?

तुमच्या कामाला सगळ्यात जवळचं म्हणजे प्रॉडक्ट डेव्हलपमेंट अँड मॅनेजमेंट असोसिएशनचं एनपीडीपी, नव्या उत्पादनांच्या विकासावरचं प्रमाणीकरण. ही संस्था १९७६पासून आहे, परीक्षेला बसायला अनुभव लागतो आणि नूतनीकरण करावं लागतं. प्रकल्प चालवण्याकडे कल असेल तर पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रमाणीकरण जास्त ओळखीचं आहे. ते टिकवायला तीन वर्षांत ६० पीडीयू (पुढे शिकत राहिल्याचे गुण) गोळा करावे लागतात. सिक्स सिग्मा या गुणवत्ता सुधारण्याच्या पद्धतीतल्या बेल्टचं, म्हणजे पातळ्यांचं, म्हणाल तर त्याला एकच मालक नाही. कुणाचा ब्लॅक बेल्ट महिनोन्‌महिने प्रकल्प करून आलेला असतो, कुणाचा एका वीकेंडचा. त्यामुळे बेल्टचा रंग सांगण्याआधी देणाऱ्याचं नाव सांगायची तयारी ठेवा.

फी भरण्याआधी एक काम करा. तुम्हाला हवी तशी पदं असलेल्या नोकरीच्या जाहिराती उघडा आणि त्यात कोणतं नाव खरोखर येतंय ते बघा. कुठलंच येत नसेल तर तेही उत्तरच आहे. मग तेवढा वेळ तुमच्या दोन प्रकल्पांची नीट मांडणी करण्यात घाला: काय गृहीत धरलं होतं, काय बदललं, कुणाला फायदा झाला.

इनोव्हेशनमधल्या एका एमबीएच्या माहितीपत्रकात ‘आंतरराष्ट्रीय अधिस्वीकृती’ लिहिलंय. विश्वास ठेवू?

कुणाची, ते बघा. बिझनेस स्कूलच्या जगात एएसीएसबी, एक्विस आणि एएमबीए ही तीन वजनदार नावं. पहिल्या दोन अख्ख्या संस्थेला तपासतात, एएमबीएचा भर एमबीएसारख्या अभ्यासक्रमांवर असतो. नाव याखेरीज दुसरं असेल तर चौकशी करा. आणि पदवीला तुमच्या देशाच्या नियामकाची मान्यता आहे का, हा प्रश्न याहून वेगळा आहे. तो आधी विचारा.

आमची वीस जणांची कंपनी आहे. ५६००१च्या भानगडीत पडावं का?

मानक कोणत्याही आकाराच्या संस्थेला लागू होतं, त्यामुळे छोटे आहात म्हणून अडणार नाही. पण सर्टिफिकेट मागतंय कोण? कुणीच नसेल तर ५६००२ समोर ठेवा, त्यातलं झेपेल तेवढं वर्षभर वापरा आणि ऑडिटची फी वाचवा. मोठ्या ग्राहकाने विषय काढला असेल, तर त्याला मेल करून विचारा की अधिस्वीकृत सर्टिफिकेटच हवंय, की कामाची पद्धत आणि नोंदी दाखवल्या तरी चालेल. उत्तर लेखी घ्या. खरेदी विभाग आणि त्यांचे इंजिनिअर यावर बऱ्याचदा वेगवेगळं बोलतात, म्हणून मेलमध्ये दोघांनाही ठेवा.