बारा क्रेडिटच्या सर्टिफिकेटला तीस हजार भरावेत का?

सोलापूरच्या पूर्व भागातून एका आईचं पत्र आलं आहे: "मुलगा दहावीनंतर आयटीआयला गेला, इलेक्ट्रिशियनचं दुसरं वर्ष चालू आहे. एक क्लासवाले म्हणतात, आता सगळं क्रेडिटवर चालतं. त्यांचा ३ महिन्यांचा शनिवार-रविवारचा कोर्स केला की १२ क्रेडिट मिळतात. ते आयटीआयच्या क्रेडिटला जोडले की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. फी २८ हजार, आणि क्रेडिट बँकेचं खातं उघडायचे २ हजार वेगळे. मी १२ वर्षं युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई मशीनवर आहे. पैसे जमवलेत. भरू का?"

ताई, भरू नका.

क्लासवाल्यांचं सगळंच खोटं आहे असं नाही. २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखडा आला आणि शाळा, कॉलेज, आयटीआय या तिन्हींना एकच माप लागू झालं. शिकण्याचे ३० तास म्हणजे १ क्रेडिट, वर्षाचे १२०० तास म्हणजे ४०. या तासांत वर्ग, प्रात्यक्षिक, घरचा अभ्यास, कारखान्यातलं प्रशिक्षण असं सगळं धरतात. मात्र परीक्षा किंवा मूल्यमापन झाल्याशिवाय क्रेडिट पदरात पडत नाही, नुसत्या हजेरीवर तर नाहीच.

आता त्यांच्या १२ क्रेडिटचा हिशेब करू. १२ गुणिले ३०, म्हणजे ३६० तास. तीन महिन्यांतले शनिवार-रविवार २६ च्या आसपास भरतात. म्हणजे सगळं सुट्टीतच उरकायचं तर पोराने प्रत्येक दिवशी जवळजवळ १४ तास शिकायला हवं! क्लास रोज किती तास चालतो, एवढंच त्यांना विचारा. बाकीचं उत्तर आपोआप मिळेल.

दुसरी गोष्ट लेव्हलची. ती सहसा कुणी सांगत नाही. क्रेडिट म्हणजे कापड किती मीटर, लेव्हल म्हणजे त्याचा पोत कसला. बारावी लेव्हल ४ ला, पदवीचं पहिलं वर्ष ४.५ ला, दुसरं ५ ला, तिसरं ५.५ ला. प्रत्येक वर्षाचे क्रेडिट ४० च्या घरातलेच, पण खालच्या लेव्हलचे कितीही जमवले तरी त्यांची वरची लेव्हल होत नाही. शिवाय जमलेले क्रेडिट मानायचे की नाही, हे ज्या संस्थेत प्रवेश घ्यायचा तिच्या नियमांवर ठरतं. क्लासवाल्यांच्या शब्दाला तिथे किंमत नाही. इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं तर तुमच्या मुलाला आधी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा लागेल. त्याला आडवाट नाही.

सरळ वाट मात्र आहे आणि ती क्रेडिटचा गाजावाजा होण्याआधीपासूनची आहे. दहावी अधिक दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. सोलापुरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, घर सोडायची गरज नाही. दोन वर्षांत डिप्लोमा, मग हवं तर इंजिनिअरिंगचं थेट दुसरं वर्ष. आयटीआयची मुलं इथे अडखळतात ती गणितात. हात चांगला चालतो, पण पहिल्या वर्षाचं गणित झालेलं नसतं आणि दुसऱ्या वर्षाचं समोर उभं राहतं. साठवलेल्या पैशांतले थोडे खर्चायचेच असतील तर गणिताच्या शिकवणीवर खर्चा. घरात ओढाताण असेल तर आधी वर्षभर अप्रेंटिसशिप करू दे. विद्यावेतन मिळतं, आणि खऱ्या पॅनलवर काम केलेल्या पोराकडे मालक वेगळ्या नजरेने बघतो.

क्रेडिट बँक म्हणजे मिळालेले क्रेडिट जमा ठेवायचं सरकारी ऑनलाइन खातं. त्या खात्याचे २ हजार तर निव्वळ लूट आहे. डिजिलॉकरवरून ते खातं फुकट उघडतं. त्यात क्रेडिट विद्यार्थी भरत नाही, मान्यताप्राप्त संस्था भरते. हे क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं टिकतात आणि एका पदवीसाठी वापरले की संपतात. म्हणून कुठलाही कोर्स घेण्याआधी त्याची लेव्हल किती, तास किती आणि सर्टिफिकेट कोण देणार, हे कागदावर मागा. राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेने मान्य केलेले कोर्स नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टरवर सापडतात. मुलाला मोबाइलवर शोधायला सांगा. नाव तिथे नसेल तर फीच्या गोष्टीपर्यंत जाऊच नका.

आता तुमच्याबद्दल. मशीनवरची १२ वर्षं तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलीत! काम करता करता शिकलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन त्याचं प्रमाणपत्र देण्याची सोयही याच व्यवस्थेत आहे. तिला पूर्वज्ञान मान्यता किंवा आरपीएल म्हणतात. पुन्हा सुरुवातीपासून कोर्स करावा लागत नाही, जे येतं ते तपासणाऱ्यासमोर करून दाखवायचं. सुपरवायझरच्या जागेसाठी किंवा स्वतःच्या युनिटच्या कर्जासाठी असा कागद जवळ असलेला बरा. सोलापुरातल्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जाऊन शिलाईच्या कामासाठी सध्या अशी चाचणी चालू आहे का ते विचारा. जाताना आधार कार्ड, पासबुक आणि कारखान्याची एखादी पगारपावती बरोबर असू द्या.