सर्टिफिकेटसाठी केनिया?

प्रश्न : मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा व्यापारी आहे. मुलगी बी.एस्सी. ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका एजन्सीमार्फत तिला मे महिन्यात चार आठवडे केनियात, किसुमूजवळच्या एका गावात स्वयंसेवक म्हणून पाठवायचं ठरवलं आहे. शाळेची भिंत बांधणे आणि मुलांना शिकवणे असं काम आहे. खर्च अडीच लाख. पुढे इंग्लंडला एमएस्सीसाठी हे सर्टिफिकेट उपयोगी पडेल. ती मात्र का-कू करते आहे. तिची तयारी कशी करून घ्यावी?

उत्तर : नमस्कार. एजन्सी, खर्च, इंग्लंड, सगळं तुम्ही नीट लिहिलंत. मुलगी का-कू का करते, हे मात्र लिहिलं नाहीत. तिला विचारलंत का? भीती वाटत असेल. कदाचित इंग्लंडलाच जायचं नसेल. किंवा या सहलीतली भानगड तिला तुमच्याआधी कळली असेल, असाही मला संशय आहे.

परक्या गावात पहिल्याच आठवड्यात पोट बिघडतं, बोलणं कळत नाही, रात्री करमत नाही. स्वतःच्या हौसेनं गेलेलं पोर हे सगळं निभावतं. धाडलेलं पोर चौथ्या दिवशी फोनवर रडतं, आणि ज्यांची मदत करायला गेलो त्यांनाच हातातली कामं सोडून त्याला सांभाळावं लागतं. तुमचे अडीच लाख जातील ते वेगळंच. त्या गावकऱ्यांनी काय घोडं मारलंय?

आता सर्टिफिकेटचं. परदेशात समाजसेवा दाखवली की ॲडमिशन पक्की, हा समज सध्या फार पसरलाय आणि एजन्सीवाले त्याला खतपाणी घालतात. एमएस्सीला मुख्यतः पदवीचे गुण, विषयाची जाण, इंग्रजीची परीक्षा, प्राध्यापकांची शिफारस आणि स्वतः लिहिलेलं उद्देशपत्र बघतात. पैसे भरून मिळालेल्या चार आठवड्यांच्या कागदाला तिथं फारसं वजन नाही. आणि भिंतीचं म्हणाल तर तुमच्या लेकीनं कधी थापी हातात धरलीय का? किसुमूकडे गवंडी नाहीत की काय? मार्च ते मे हा तिकडचा मोठ्या पावसाचा हंगाम, त्यात बांधकाम काढणारी एजन्सी मला तरी शंकास्पद वाटते. सौद्यात गुळाचा रवा फोडून बघितल्याशिवाय तुम्ही बोली लावत नाही. इथं फोटो बघून अडीच लाख मोजताय. हे काम गावातल्या कुणी मागितलं, पैशातले गावात किती पोचतात, पोरं परतल्यावर तिथं कोण उरतं, हे लेखी विचारा. अनाथाश्रमाची भेट कार्यक्रमात असेल तर सरळ नाही म्हणा. नेपाळ, कंबोडियात पाहुण्यांच्या पैशासाठी आईबाप असलेली मुलंसुद्धा अशा आश्रमांत ठेवल्याचं उघड झालंय.

गंमत म्हणजे किसुमूच्या आसपास ऊस पिकतो. मुहोरोनी, चेमेलिलला साखर कारखाने आहेत. तुमच्या लेकीला तिथं खरंच काही देता-घेता येईल, पण आधी तिला इथलं यायला हवं. शेवटच्या वर्षी 'रावे'साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, तिला गावात राहायचंच आहे. बहुतेक मुलं ते वहीपुरतं उरकतात. तिनं शिरोळचं एखादं क्षारपड रान धरावं, निचऱ्याचं काम बघावं, शेतकऱ्याच्या शिव्याही खाव्यात. शिफारसपत्रात लिहिण्यासारखं काहीतरी त्यातूनच निघेल.

पदवीनंतर एसबीआय यूथ फॉर इंडियाची तेरा महिन्यांची फेलोशिप आहे, गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेचं तरुणांसाठीचं 'निर्माण' शिबिर आहे. परदेशच हवा असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात 18 ते 26 वयाच्या तरुणांसाठी जागा निघतात. तिथं आपण फी भरत नाही, उलट राहण्या-जेवणाचा भत्ता मिळतो.

एवढं होऊनही ती स्वतःहून केनियाला निघालीच, तर पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी. तो दाखला नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर अडवून वेगळं ठेवू शकतात. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. आणि बिनपगारी कामालाही वेगळा परवाना लागतो का, हे एजन्सीला नको, केनियाच्या दूतावासाला विचारा.

इसार दिला असेल तर परताव्याच्या अटी या आठवड्यातच लेखी मागून घ्या. पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही वाचायचं नाही.