बाबांच्या ट्रकचे पैसे त्या माणसाला देऊ नकोस

*मावशी, मी ३७ वर्षांचा, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला. साखळीला बीकॉम केलं आणि गेली १३ वर्षं कांदोळीच्या एका हॉटेलात आहे. आधी रिसेप्शन, मागची सात वर्षं नाईट ऑडिट, म्हणजे रात्री बसून हॉटेलचा दिवसाचा हिशेब बंद करणं. हातात ३६ हजार येतात. मुलगी दुसरीत आहे. ती शाळेला निघते तेव्हा मी घरी येऊन झोपतो. गणेश चवथीला सगळ्यांनाच रजा हवी असते, त्यामुळे चार वर्षांत एकदाच गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला घरी होतो. आता दिवसाची, अकाउंट्सची नोकरी हवी आहे. आठ महिन्यांत २२ अर्ज केले, दोन ठिकाणी बोलावलं. एकीकडे बाई म्हणाल्या, "हॉटेलवाले टिकत नाहीत." दुसरीकडे २५ हजार देऊ म्हणाले, पण ज्याच्या हाताखाली बसायचं तो माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मी नाही म्हणालो. सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले तेव्हा आम्ही दोघांनी रात्रभर जागून सगळी सिस्टिम बदलली, सकाळी कोणी साधं विचारलंही नाही. वाटतं, आधी राजीनामा टाकावा, मग शोधावं.*

*बाबांचे दोन ट्रक खाणीवर होते. २०१८ नंतर एक बँकेने नेला, दुसरा विकला. त्याचे तीन लाख सोसायटीत ठेव म्हणून आहेत. गावातला एकजण म्हणतो, एलडीसीला, म्हणजे सरकारी कारकुनाच्या जागेवर लावून देतो, सात लाख, त्यातले तीन आधी. बाबा ठेव मोडायला निघालेत. उरलेल्यासाठी बायकोचे दागिने. तो रविवारी घरी येणार आहे. काय करू?*

*— जागरणाने थकलेला*

रविवार जवळ आला आहे, म्हणून आधी तेवढंच सांगते. त्या माणसाला पैसे द्यायचे नाहीत. तीन लाख नाहीत आणि "विश्वासापुरते" दहा हजारही नाहीत.

हा धंदा कसा चालतो ते समजून घे. असा माणूस एकाकडून घेत नाही, दहा जणांकडून घेतो. त्यातला एखादा स्वतःच्या अभ्यासाने पास होतो, तेव्हा हा म्हणतो, मी लावलं. बाकीच्यांना "पुढच्या यादीत बघू" म्हणून झुलवतो. पावती नसते, म्हणून पुरावाही नसतो. २०२४ च्या शेवटी आपल्याकडे एकामागून एक अशी प्रकरणं बाहेर आली, अटका झाल्या, तेव्हा पेपरात वाचलं असशीलच. पैसे गमावलेली ती माणसं हावरट नव्हती. तुझ्या बाबांसारखीच, मुलाचं एकदाचं बस्तान बसावं म्हणून घरातलं सोनं गहाण टाकणारी होती. आणि हेही लक्षात ठेव, की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे फसलास तर तक्रार करायलाही तुझे पाय अडखळणार, आणि ते त्याला पक्कं ठाऊक आहे.

सरकारी नोकरी हवीच असेल तर सरळ वाट आहे. कारकुनी पदांसाठी २०१९ च्या कायद्याने नेमलेला कर्मचारी निवड आयोग आहे, तो संगणकावर परीक्षा घेतो. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड चालू ठेव, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला काढून ठेव. कोकणीचं ज्ञान आवश्यक असतं, मराठीचं असलं तर बरं मानतात. दोन्ही तुझ्याकडे आहेत. जाहिरात आली की अर्ज कर, परीक्षा दे. पण त्या एका आशेवर घर टांगून ठेवू नकोस.

आता बाबांबद्दल. तुझ्या पत्रात त्यांच्यावर चारच ओळी आहेत, पण मला सगळं पत्र त्यांच्याच सावलीत लिहिलेलं वाटलं. आपल्या लोहखनिजाच्या खाणी आधी २०१२ च्या सप्टेंबरात थांबल्या. मग थोड्या हलल्या. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजांचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प झालं. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत ज्यांच्या दारात ट्रक उभे होते त्यांना त्या तारखा घरातल्या माणसाच्या पुण्यतिथीसारख्या पाठ आहेत. बाबांची काही चूक नव्हती. त्यांनी काम केलं, हप्ते भरले, आणि एका निकालाने सगळं थांबलं. अशा माणसाला "सरकारी" हा एकच शब्द पक्क्या जमिनीसारखा वाटणार. त्यांना सात लाख वाया घालवायचे नाहीत, त्यांना तुला वाचवायचं आहे. म्हणून त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्या माणसाची उलटतपासणी त्यांच्यासमोर करू नकोस. आधी त्यांना २०१८ बद्दल विचार. मला वाटतं, घरात त्यावर कधी नीट बोलणंच झालेलं नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मी स्वतः बार्जच्या एका कचेरीत बिलं करायचे. मांडवीतून खनिज बंदरावर जायचं त्याचे हिशेब. २०१२ ला काम थांबलं तेव्हा मी ४६ वर्षांची होते. शेजारणींना कळू नये म्हणून रोज नेहमीच्या वेळी डबा घेऊन घरातून निघायचे आणि पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात संध्याकाळपर्यंत बसायचे. असे पाच महिने. नवऱ्याला ठाऊक होतं, पण तोही काही बोलायचा नाही. शेवटी तिथेच रोज येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही कसली परीक्षा देता?" आणि मी तिच्यासमोर रडले. त्या पाच महिन्यांत मी एकही अर्ज केला नव्हता. लाज लपवण्यातच सगळी ताकद गेली. तू २२ अर्ज केलेस, म्हणजे माझ्या कितीतरी पुढे आहेस.

पण ते २२ अर्ज कसे लिहिलेस, ते मला पाहायचं आहे. तू वर "फ्रंट ऑफिस एक्झिक्युटिव्ह, नाईट ऑडिटर" असं लिहिलं असणार, खाली हॉटेलचं नाव. कुंडईच्या कारखान्यातल्या अकाउंटंटला नाईट ऑडिट म्हणजे काय ते माहीतच नसतं. त्याला वाटतं, हा काउंटरवर चाव्या देणारा. अरे, रोज रात्री तू त्या हॉटेलचा दिवस बंद करतोस! रोख, कार्ड, यूपीआय यांचा ताळमेळ घालतोस, रेस्टॉरंटची बिलं खोलीच्या खात्यावर चढली का ते बघतोस, ट्रॅव्हल एजंटांची येणी वेगळी काढतोस, कर बरोबर लागला का तपासतोस. सकाळी मालकाच्या टेबलावर जाणारा आकडा तुझा असतो. सात वर्षं रोज. हे त्यांच्या भाषेत लिही: दिवसाला किती व्यवहार, किती रकमेचा ताळमेळ, फरक सापडला तर कसा शोधलास. हॉटेलातले शब्द काढून टाक, काम ठेव.

आणि ती सप्टेंबरातली रात्र. तू ती तक्रार म्हणून लिहिलीस, मला मात्र पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला आणि त्यावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, गेलं. आधी बुकिंग केलेले पाहुणे, आगाऊ घेतलेले पैसे, मध्यरात्रीआधीचं आणि नंतरचं बिल, हे सगळं एका रात्रीत तुम्ही दोघांनी निभावलं. दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं नाही, कारण काही बिघडलंच नाही. हिशेबाच्या माणसाच्या वाट्याला हे नेहमी येतं. अर्जात ही गोष्ट तीन ओळींत लिही, आणि मुलाखतीत "तुमच्याबद्दल सांगा" म्हटलं की तीच सांग.

"हॉटेलवाले टिकत नाहीत" म्हणणाऱ्या बाईंना तू काय उत्तर दिलंस ते लिहिलं नाहीस. बहुधा गप्प बसलास. एका जागी १३ वर्षं राहिलेल्या माणसाने त्यावर गप्प बसायचं नसतं. पुढच्या वेळी शांतपणे एवढंच म्हण: "मी १३ वर्षं एकाच ठिकाणी आहे." थकव्याचं आणि हॉटेलच्या जनरल मॅनेजरचं तिथे काही बोलू नकोस.

तुला कमी काय पडतं तेही सांगते. हॉटेलच्या सॉफ्टवेअरवर तुझा हात बसलेला आहे, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर नसेल. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं, टीडीएस, बँकेचा मेळ, हे कारखान्याच्या अकाउंटंटचं पंचांग आहे. ते तीन-चार महिन्यांत शिकता येतं, पण वर्गात बसून अर्धंच येतं. म्हणून मला एक वाट सुचते. तुमचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. सीएच्या कचेऱ्यांची घाई बरोबर उलटी, जुलै ते सप्टेंबर. विवरणपत्रं आणि ऑडिट त्याच दिवसांत येतात आणि तेव्हा त्यांना जाणती माणसं कमी पडतात. म्हापशात, डिचोलीत अशा दोन-तीन कचेऱ्यांत आत्ताच जाऊन बोल. साठलेली रजा पावसाळ्यात घे आणि तिथे बस, पैसे थोडे मिळाले तरी बस. एका पावसाळ्यात तुला कळेल की हे काम तुला खरंच आवडतं, की तुला फक्त रात्रीपासून सुटका हवी आहे. ती नुसती सुटकाच असेल तर त्याच हॉटेलच्या दिवसाच्या अकाउंट्स खात्यात बदली मागणं सोपं. मागितलीस का कधी? पत्रात तसं दिसत नाही.

पेपरातल्या जाहिराती बघून अर्ज करतोस, ते कर. पण तुझं काम ज्यांनी पाहिलं आहे त्यांना विचारलंस का? लाँड्रीवाला, भाजीचा ठेकेदार, थंड पेयांचा वितरक, लिफ्टची कंपनी. या सगळ्यांच्या अकाउंटंटांशी तुझं थकलेल्या बिलांवरून बोलणं होत असेल. तू फोन उचलतोस, खोटं सांगत नाहीस, हे त्यांना माहीत आहे. आपल्याकडे ओळख म्हटलं की लगेच वशिला वाटतो, म्हणून सरळ माणसं तोंड उघडत नाहीत. ज्याने तुझं काम पाहिलंय त्याला "तुमच्याकडे जागा आहे का" म्हणून विचारणं हा वशिला नव्हे.

राजीनामा आत्ता टाकू नकोस. भर हंगामात निघालास तर कडवटपणा येईल, आणि पुढची नोकरी देणारा हॉटेलला फोन करून विचारणारच. हातात नेमणुकीचं पत्र आल्यावरच नोटीस दे, आणि रिलीव्हिंग लेटर घेतल्याशिवाय निघू नकोस. ग्रॅच्युइटी तुझा हक्क आहे. शेवटच्या महिन्याचं वेतन (मुख्यतः बेसिक आणि महागाई भत्ता) धरून २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं, मग वर्षांनी. १८ हजार असेल तर १३ वर्षांचे १ लाख ३५ हजार होतात, आणि ते ३० दिवसांत मिळायला हवेत. पीएफ काढू नकोस, नव्या जागी वळवून घे. दहा वर्षं पूर्ण झाली असल्याने पेन्शनचा हक्क तुझा झालेला आहे, तो जप. हॉटेलचा आरोग्यविमा शेवटच्या दिवशी संपेल, म्हणून गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड चालू आहे का ते आजच बघ. बाबांचं वय पाहता हे मी आग्रहाने सांगते.

२५ हजारांचं भय खरं आहे, ते मी हलकं करत नाही. ते भय तपासून बघ. येत्या महिन्यापासून घर २५ हजारांत चालव, वरचे ११ हजार बायकोच्या खात्यात टाक. तीन महिन्यांत ३३ हजार साठतील आणि नेमकं कुठे ओढ बसते ते दोघांनाही दिसेल. हे ठरवताना तिला सोबत बसव. दागिने तिचे आहेत आणि अख्ख्या पत्रात तिचं मत मला कुठे सापडलं नाही. कांदोळीपर्यंतचं रोजचं पेट्रोल वाचेल तेही हिशेबात धर. होंडा गावच्या किंवा डिचोलीच्याच औद्योगिक वसाहतीत जागा मिळाली तर आणखी वाचेल.

दहा वर्षांनी लहान असलेल्या साहेबाबद्दल एवढंच म्हणेन, की मला टॅली शिकवणारा मुलगा २३ वर्षांचा होता. पहिले आठ दिवस मान वर करवत नव्हती. नंतर तो मला बॅलन्स शीटमधलं विचारायला लागला. ज्या जागेला नाही म्हणालास त्यांना एक फोन करून बघ, जागा अजून रिकामी असू शकते.

आता रविवार. त्या माणसाला घरापर्यंत येऊ देऊ नकोस, आजच फोन करून "आम्हाला नको" एवढंच सांग, कारण सांगत बसू नकोस. शनिवारी कामावर जाण्याआधी बाबांजवळ बस. अर्ज त्यांच्या हातात दे आणि सात वर्षं रात्री तू काय करतोस ते त्यांना सांग. तू कांदोळीला हॉटेलात आहेस, एवढंच त्यांना माहीत असणार. ट्रकच्या फेऱ्यांचा हिशेब वहीत ठेवलेला माणूस आहे तो, त्याला ताळमेळ म्हणजे काय ते कळेल. ठेवीची पावती कपाटात राहू दे. आणि नवा अर्ज लिहून झाला की मला पाठव, मी ओळ न् ओळ वाचून परत पाठवीन.

— तुझी मावशी